ॲम्पच्या पाठीवर लावायचा कागद

गिटार. तिथून वायर व्हॉल्यूमच्या पेडलला. पेडलमधून इकोच्या डबीला. डबीतून ॲम्पला.

(हे चूक आहे. खोडलेलं नाही, कारण दुकानदार असंच सांगतो, आणि रेडिओवर आपण ज्यांची स्टील गिटार ऐकतो ते सगळे असंच जोडतात. त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्या चर्चमध्ये असं जोडू नका.)

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण नुसतं "जोडू नका" म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी तसंच जोडून बघतो. मीही बघितलं होतं. म्हणून कारण लिहिते. कागद लांबला तर लांबू दे, ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारं खोकं, त्याची पाठ मोठी आहे.

मी अर्नेस्टीन मोब्ली. सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी घरी आणते. बस माझी नाही, कौंटीची. रविवारी स्टील वाजवते. आठ तारा, चार पायांवर टेबलासारखी आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी तारांवरून सरकवायला, उजव्या बोटांत नख्या. माझ्याआधी या खुर्चीत थॅडिअस मामा होते. चर्चमध्ये डीकन गॅडसन म्हणतात ते हेच. एकेचाळीस वर्षं.

फेब्रुवारीत मामांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं. पाय परत आले. डावा हात आला नाही. कांडी धरली की सुटते आणि थेट बुटावर पडते. दोनदा पडली, तिसऱ्यांदा त्यांनी धरलीच नाही. कांडी मला दिली आणि घरी व्हरांड्यात जाऊन बसले. चर्चला येणंही सोडलं. "हात नाही तर काय बघायला येऊ? तुझी बोटं?"

माझ्या बोटांना कोणी कधी नाव ठेवलं नाही. नाव ठेवायचे ते पायाला.

*

पाय.

व्हॉल्यूमचं पेडल म्हणजे उजव्या पायाखालची फळी. चवडा दाबला की आवाज उघडतो, टाच दाबली की मिटतो. तार छेडली की तिचा जोर लगेच उतरायला लागतो. तो जसा उतरेल तसा पाय उघडत न्यायचा, म्हणजे सूर मरत नाही, उलट भरत जातो. मामांचा पाय हे झोपेतही करायचा. ड्रूसिला मामी सांगते, पलंगाची फळी त्या जागी गुळगुळीत झाली आहे.

माझा पाय बावीस वर्षं बसच्या ब्रेकवर तयार झालेला.

"तू आवाज उघडत नाहीस, अर्नी," मामा मागे एकदा म्हणाले होते, "तू बस सोडतेस. पोरं पुढच्या बाकावर आपटतात."

आणि आपल्याकडे पाय कच्चा असून चालत नाही. पास्टर बॉयकिन प्रवचनाला उभे राहिले की स्टील त्यांच्या मागून दबकत चालते. त्यांचं बोलणं चढत जातं, चढता चढता गाणं होतं, मग त्यांच्या एकेका वाक्याला स्टील उत्तर देते. लोक उठतात, नाचतात, रडतात. स्टील थांबली की बसतात. हे कुठे लिहिलेलं नाही. पण स्टील वाजते आहे म्हणजे वरून अजून काहीतरी यायचं बाकी आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणून मी इकोची डबी आणली. डबी प्रत्येक सूर तीन-चार वेळा परत म्हणते, दर वेळी थोडा हळू. मला वाटलं, पायाचे धक्के तिच्यात विरून जातील. खरकट्या ताटावर रुमाल टाकावा तसं.

*

ऑक्टोबरचा पहिला रविवार.

प्रवचन झालं. लोक उभे. लॅमरचे ड्रम, माझी स्टील, मधल्या वाटेत पंधराएक जणं नाचत होती. पास्टरांनी हात वर केला. हात वर म्हणजे थांबा.

लॅमर थांबला.

मी टाच दाबली.

डबीने माझा शेवटचा सूर परत म्हटला. पुन्हा म्हटला. पुन्हा.

मदर विलेटा, चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, चौऱ्याऐंशीच्या. त्या बसायला निघाल्या होत्या, अर्ध्यावर पोचल्या होत्या. सूर ऐकून त्या अर्ध्यावरूनच परत उठल्या. त्या उठल्या म्हटल्यावर पहिला बाक उठला. पास्टर म्हणाले, "आता आजारी बंधू-भगिनींसाठी..." लोक म्हणाले, "हो! हो!" आणि टाळ्या.

मी घाबरले. थांबव, थांबव, असं मनात आलं, आणि घाईत थांबवायचं म्हटलं की माझा पाय एकच गोष्ट करतो. चवडा दाबतो. जोरात.

तारा अजून वाजत होत्या. पेडल सताड उघडलं. नवा सूर डबीत गेला, डबीने तो चार वेळा म्हटला. लॅमरला वाटलं मी पुन्हा सुरू केलं. त्यानेही सुरू केलं.

सतरा मिनिटं.

आजारी लोकांची नावं राहिली. त्यातले दोघं आजारी तर स्वतःच नाचत होते.

*

दारात, सगळे गेल्यावर:

"सिस्टर मोब्ली, मी तीन वेळा आमेन म्हटलं."

"ऐकू आलं नाही, पास्टर."

"तेच तर म्हणतोय."

"डबी नवीन आहे. जरा हाताळून..."

"हे बघ." पास्टर बॉयकिन वाईट माणूस नाहीत. ओरडायचं असलं की ते आधी चष्मा पुसतात. आता पुसत होते. "महिनाअखेरीला वर्धापनाचा रविवार. चार गावांची चर्चं येणार. डीकन गॅडसन होते तेव्हा मी एक शब्द बोलायचो आणि पुढचा शब्द स्टीलच मला द्यायची. आता मी बोलतो तेव्हा मला मागे ट्रक उभा आहे असं वाटतं. कधी सुटेल सांगता येत नाही."

"बस," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

"सॅनफर्डला एक ऑर्गनवाला आहे. त्याच्याशी बोलून ठेवलंय. वर्धापनाला जमलं तर जमलं. नाही जमलं तर त्याला घेऊ, आणि स्टील आत कपाटात. मला शिव्या घालू नकोस."

मी घातल्या नाहीत. गाडीत बसल्यावर घातल्या, त्याही त्यांना नाही, माझ्या बुटाला. एकेचाळीस वर्षांची स्टील माझ्या एका पायामुळे घडीच्या खुर्च्या आणि नाताळच्या दिव्यांशेजारी कपाटात जाणार होती.

*

मामीचा फोन:

"अगं, त्यांना सांगितलं मी. विलेटाबाई दोनदा उठल्या ते."

"चिडले?"

"हसले. ठसका लागेपर्यंत. पाणी पाजावं लागलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आता बूट मागतायत."

*

मंगळवार. सकाळची फेरी संपवून दहाला मी चर्चमध्ये. मामा आधीच येऊन बसलेले, माझ्या खुर्चीत नाही, शेजारी घडीच्या खुर्चीवर, डावा हात मांडीवर उशीसारखा ठेवलेला. मामी मागच्या बाकावर वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

"दाखव."

"काय दाखवू?"

"विलेटाला ज्याने दोनदा उठवलं ते."

मी वायरी दाखवल्या. गिटार, पेडल, डबी, ॲम्प. मामा पुढे वाकले, बोटाने हवेतच वायरीचा माग काढत गेले, आणि डबीपाशी थांबले.

"ही पेडलच्या पुढे?"

"दुकानदार म्हणाला, सगळे असंच लावतात. पेडल मिटलं तरी मागचा घुमारा राहतो. छान वाटतं म्हणाला."

"दुकानदाराचा पास्टर कोण?"

"मला काय माहीत?"

"त्याला आमेनच्या आधी गप्प बसायला कोणी सांगितलंय का कधी?"

"बारमध्ये वाजवतो तो, मामा."

"मग बरोबरच आहे त्याचं. तिथे कोणाला गप्प व्हायचं नसतं." त्यांनी उजव्या बुटाने डबी मागे ढकलली, पेडल पुढे ओढलं. "कवाड शेवटी असतं, अर्नी. मधल्या खोलीला कडी घालून अंगणातली बडबड थांबते का? आधी डबी. तिला काय घुमायचं ते घुमू दे. मग पेडल. मग ॲम्प. टाच मारली की घर बंद."

तर वायरी अशा:

गिटार. डबी. पेडल. ॲम्प.

(हेही अजून पूर्ण नाही. पुढे वाचा.)

मी सूर लावला, टाच दाबली. घर बंद. मामी शेंगा सोलायची थांबली, इतकं एकदम.

"हं," मामा म्हणाले. "आता पाय."

*

पायाचं जे झालं ते असं:

"तार छेड. आता उघड."

"उघडलं."

"हे उघडणं? पोरं आपटली. पुन्हा."

"आता?"

"आता उशीर. सूर गेला, तू कोणासाठी दार उघडतेस?"

"मामा, मला एका वेळी..."

"पुन्हा. हळू. हळू म्हणजे थांबू नकोस. हळू म्हणजे हळू."

"तुम्ही बोलताय त्यात मला..."

"पाय काढ!"

आणि त्यांनी माझ्या बुटाला बुटाने बाजूला सारलं आणि स्वतःचा पाय पेडलवर ठेवला. दाखवायला म्हणून. "बघ. तार छेड. नुसती छेड."

मी छेडली. कांडी सातव्या पट्टीवरून बाराव्या पट्टीवर नेली.

सूर आधी नव्हता. मग होता, पण तो कधी आला ते कळलं नाही. पहाटे खिडकीत उजेड येतो तसा. चढत गेला, वर थरथरला, खाली आला आणि संपण्याआधी जरासा मागे वळून बघितल्यासारखा झाला. कांडी माझ्या हातात होती. थरथर माझी होती. बाकी सगळे मामा.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढचा सूर लावला. तोही तसाच. मग तिसरा. मग जुनं एक संथ गाणं, जे मामांनी मला पंधराव्या वर्षी शिकवलं होतं. ते गाणं मी इतकी वर्षं वाजवते आहे आणि ते माझ्या हातात आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मागून मामी म्हणाली, "थॅडिअस?"

ती उठून उभी होती. ओच्यातल्या शेंगा सगळ्या खाली.

"मी नाही गं," मामा म्हणाले. "अर्नी आहे."

"दोघं आहात," मामी म्हणाली. मग खाली बसून शेंगा गोळा करायला लागली. बराच वेळ गोळा करत होती.

*

अडचणी.

एक, जागा. एका गिटारीमागे दोन माणसं. त्यांचा गुडघा तारांखाली, माझं कोपर त्यांच्या खांद्यात. कांडी खाली यायला लागली की त्यांनी मान तिरकी करायची. मामी म्हणाली, "न्हाव्याच्या एका खुर्चीत दोघं बसल्यासारखे दिसताय."

दुसरी, पास्टर दिसत नाहीत. मामांना पास्टरांचं तोंड दिसायला हवं. कानाने ऐकून पाय हलवला तर उशीर होतो, ते म्हणाले; ओठ उघडायच्या आधी माणूस श्वास घेतो, तो बघून हलवायचा.

तर मामांची खुर्ची लांब हवी. म्हणजे वायर लांब हवी. लॅमरकडे होती: उन्हाळ्यात पार्किंगमध्ये तंबू टाकतो तेव्हाची, पंचवीस फुटी. ती गिटारीपासून लावली, डबी आणि पेडल दोन्ही मामांपाशी नेली, मामा ऐसपैस बसले, मी सूर लावला, आणि

तोंडावर उशी दाबून कोणी गात असल्यासारखं ऐकू आलं.

बुधवारी सकाळभर आम्ही ॲम्पची बटणं फिरवली. उशी गेली नाही. उशीवर पत्रा ठेवल्यासारखं झालं. लॅमर म्हणाला, वायर जुनी आहे. दुसरी आणली. दुसरी उशी.

गुरुवारी मला बसमध्ये कळलं. मागच्या बाकावरचं पोर मला काही सांगतं तेव्हा माझ्यापर्यंत नुसतं गुणगुण येतं. मधल्या बाकावरच्या दांडग्या पोरीने तेच ओरडून सांगितलं की शब्द न शब्द कळतो. गिटारीचा स्वतःचा आवाज असाच, मागच्या बाकावरचा. त्याला लांब पाठवला की त्याची धार वाटेतच झिजते. पण डबीत वीज आहे. डबी ऐकते आणि जोर लावून पुढे ढकलते. म्हणजे डबी गिटारीजवळ हवी. लांब वायर डबीच्या पुढे लावायची, मागे नाही.

आणि पेडल? अर्धं मिटलेलं पेडल आवाजाचा गळा धरतं. त्यानंतर लांब वायर आली की पुन्हा उशी. म्हणून पेडलपासून ॲम्पपर्यंत हातभर वायर, जास्त नाही. म्हणजे पेडल ॲम्पपाशी. म्हणजे मामा ॲम्पपाशी. म्हणजे प्रवचनाच्या ओट्याच्या डावीकडे, पास्टरांच्या समोर, सगळ्या चर्चच्या डोळ्यांपुढे.

तर वायरी अशा, आणि आता या बदलू नका:

गिटार.
हातभर वायर.
डबी, वाजवणाऱ्याच्या पायाशी.
पंचवीस फूट, बाकाच्या कडेने, चिकटपट्टी मारून. (मदर विलेटांची काठी अडकते.)
पेडल, मामांच्या पायाशी.
हातभर वायर.
ॲम्प.

धार परत आली. अशी आली की लॅमरने "अरे बापरे" म्हटलं आणि मग कुठे बसलो आहोत ते आठवून तोंडावर हात ठेवला.

मामा खूश नव्हते.

"तिथे पुढे? ॲम्पशेजारी?"

"तिथूनच धार येते."

"लोक माझ्या हाताकडे बघतील."

मामी बोलली. "लोक तुझ्या बुटाकडे बघतील. पॉलिश कर."

*

शुक्रवारी पास्टर डोकावले. चष्मा काढला. पुसला. घातला.

"हे काय? एका स्टीलला दोन माणसं?"

"तुमच्या सॅनफर्डच्या माणसाला ऑर्गनसाठी दोन हात, दोन पाय लागतात," मामा म्हणाले. "आमच्याकडे दोन हात, एक पाय. तरी आम्हीच कमी."

"डीकन, तुम्ही परत आलात याचा मला आनंदच आहे, पण हे दिसायला..."

"पास्टर, तुम्ही डोळे मिटून प्रवचन करता."

"मिटतो खरा."

"मग?"

पास्टर माझ्याकडे वळले. "वर्धापनाच्या रविवारपर्यंत म्हटलंय, सिस्टर. सॅनफर्डचा माणूसही येतोय त्या दिवशी. बघायला." आणि गेले.

आमच्याकडे अजून तीन आठवडे होते. दहा ते दीड, मंगळवार ते शुक्रवार. आम्ही चिक्कार भांडलो. मी कांडी उचलायच्या आत ते पेडल मिटायचे आणि माझा सूर गिळायचे. मी मुद्दाम लांबवला की ते मुद्दाम उघडायचे नाहीत. एकदा मी अर्धं गाणं मुक्यानेच वाजवलं. "का उघडलं नाही?" "तू रागाने वाजवत होतीस. ते बाहेर जाऊ देण्यासारखं नव्हतं." दुसऱ्या आठवड्यात मला त्यांच्या बुटाकडे न बघता कळायला लागलं. तिसऱ्यात ते माझ्या हाताकडे बघेनासे झाले.

*

वर्धापनाचा रविवार.

गाड्या रस्त्यापर्यंत. बायकांच्या टोप्या अशा की तिसऱ्या बाकाच्या मागच्याला काही दिसू नये. मामांचा सूट राखाडी, बूट काळे; ॲम्पचा लाल दिवा त्यांत दिसत होता. डावा हात मामीने मांडीवर ठेवून दिला होता, खाली घडी केलेला रुमाल. लोकांनी बघितलं. कोणी हाताकडे बघितलं, कोणी पेडलकडे, मग वायरीवरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आले आणि पुन्हा मामांकडे गेले.

सहाव्या बाकाच्या टोकाला तपकिरी कोटातला एक अनोळखी माणूस हाताची घडी घालून बसला होता. ऑर्गनवाल्यांची बोटं स्वस्थ बसत नाहीत. त्याची कोपरावर चालू होती.

पास्टरांनी प्रवचनाला बायबलमधलं कबूतर घेतलं होतं. महापुरात नोहाच्या जहाजातून सोडलेलं, पाण्यावरून भटकणारं, पाय टेकायला जागा नाही म्हणून परत येणारं. ते म्हणाले, कबूतर गेलं. मी कांडी वर सोडली, मामांनी पेडल हलकं हलकं मिटत नेलं, आणि सूर खरंच लांब गेला, इतका की मदर विलेटांनी मान वळवून खिडकीतून बघितलं. ते म्हणाले, कबूतर परत आलं. सूर लांबून सुरू होऊन ओट्याशी येऊन बसला. पास्टरांनी डोळे उघडले. मामांकडे बघितलं. पुन्हा मिटले, आणि मग त्यांनी जे प्रवचन केलं तसं मी त्यांचं गेल्या आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. ते एक वाक्य टाकायचे, आम्ही उत्तर द्यायचो. आम्ही म्हणजे मी काय म्हणायचं ते, आणि मामा कसं म्हणायचं ते. ते बोलायला श्वास घेत की आम्ही नसायचो. कबूतराने तिसऱ्यांदा भरारी घेतली तोवर लोक उठले होते.

आणि मामा उठले.

हे ठरलेलं नव्हतं. मामा कधीच उठत नसत. एकेचाळीस वर्षं सगळ्या चर्चला उठवलं, स्वतः खुर्चीत. स्टीलवाला उठला तर वाजवणार कोण? पण आज हात मोकळे होते. त्यांनी शेवटचा सूर पूर्ण उघडला, चवडा पार खाली, आणि पेडल तसंच सोडून ते उभे राहिले, उजवा हात वर, आणि मधल्या वाटेत उतरून नाचायला लागले. डावा हात कोटाच्या बाहीत आपला आपण हेलकावत होता. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

पेडल सताड उघडं. वायरीच्या पलीकडच्या टोकाला कोणी नाही.

माझ्या हातातून जे निघेल ते सगळं बाहेर.

मी नख्यांनी तार छेडली आणि चर्चच्या काचा वाजल्या. पास्टरांचा शब्द त्यात बुडाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहाव्या बाकावरचा माणूस पुढे सरकला.

मी नख्या काढल्या. ओढून, दातांनी, मांडीवर टाकल्या. नुसत्या बोटांच्या गराने तार छेडली, झोपलेल्याच्या कपाळावरचे केस बाजूला करावे इतक्या हळू. सूर आला, पास्टरांच्या आवाजाखाली बसला. पुढचा त्याहून हळू. मग जरा वर. भरती-ओहोटी पायात नव्हती, बोटात करायची होती, आणि बोटांना ती येत होती. तीन आठवडे माझ्या हाताने मामांचा पाय ऐकला होता. पास्टर चढले तसे मी चढले. ते उतरले तशी उतरले. मध्ये कुठेतरी मी मामांकडे बघायचं सोडलं.

पास्टरांनी हात वर केला.

मी तळहात आठही तारांवर सपाट टाकला आणि डबीच्या बटणावर पाय मारला. डबी बंद झाली, पोटातल्या घुमाऱ्यासकट.

काहीही ऐकू आलं नाही. पंखे ऐकू आले. मदर विलेटांनी काठी टेकली ती ऐकू आली. सगळे बसले.

"आमेन," पास्टर म्हणाले. एकदाच.

*

जेवण मागच्या अंगणात, लांब टेबलांवर, कागद अंथरून. तळलेला मुलेट मासा, कोंबडीचा भात, हिरव्या पाल्याची भाजी, रताळ्याचा केक. तपकिरी कोटातल्या माणसाच्या ताटात तीन मासे होते. पास्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रदर, मी तुला उगाच एवढ्या लांबून आणलं. आता निदान पोटभर जेव."

"जेवतोच आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "वायरी कशा जोडल्यात हो? शेवटी एकदम मिटलं ते?"

मी तोंड उघडायच्या आत मामांनी समजावायला घेतलं. मक्याचं कणीस म्हणजे गिटार. पावाचा तुकडा, डबी. चमचा, पेडल. त्याच्याच ताटातला एक मासा उचलून टोकाला ठेवला: ॲम्प. भाजीच्या देठांनी वायरी ओढल्या, कुठला देठ लांब, कुठला आखूड, ते दोनदा सांगितलं. माणूस मान हलवत होता आणि ऐकता ऐकता त्याने ॲम्प खाल्ला.

"म्हणजे पेडल तुमच्याकडे," तो म्हणाला. "आणि तुम्ही उठलात तेव्हा?"

"कधी उठलो?"

"अरे, तिसऱ्या बाकापर्यंत गेला होतास," मामी म्हणाली. "सूटच्या बगलेची शिवण उसवली आहे, बघ."

मामांनी बगलेत बोट घालून बघितलं. शिवण खरंच उसवली होती. मग माझ्याकडे बघितलं.

"मग तेवढा वेळ कोण होतं?"

"मीच होते, मामा."

त्यांनी माशाचा एक तुकडा तोंडात टाकला. काटा शोधला. काढला. ताटाच्या कडेला ठेवला.

"काचा वाजल्या होत्या," ते म्हणाले. "पहिलाच सूर. मला तिथपर्यंत ऐकू आलं."

"आणि नंतर?"

"नंतर मला ऐकू आलं नाही," मामा म्हणाले. "मी नाचत होतो."